ब्रिगिटेबाईंबरोबर मचाणावर

श्रीनाथ,

देवाशपथ, खालचा शब्द न् शब्द खरा आहे. तुला सांगितलं तशी काल पहाटे मी तळ्यापाशी फिरायला गेले नव्हते. खालच्या मजल्यावरच्या ब्रिगिटेबाईंबरोबर सरकारी जंगलात हरणाच्या शिकारीला गेले होते. त्यांच्याकडे परवाना होता, माझ्याकडे चहाचा थर्मास.

गुडघा दुखला तर घराबाहेर पडायचं नाही, हा तुझा हुकूम मला पाठ आहे. पण बारा पायऱ्यांची शिडी चढून मचाणावर बसले, गुडघा जरासुद्धा दुखला नाही.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांची, पण दोन तास हलली नाही की खोकली नाही. आधी एक हरणी आली. बाईंनी बंदूक उचलली आणि परत खाली ठेवली, कारण मागे पाडस होतं. मग नर आला. त्याची शिंगं आपल्या बाल्कनीएवढी रुंद! एकाच गोळीत आडवा. मग बाईंनी टोपी काढली आणि त्याच्या तोंडात ओकची डहाळी ठेवली. शेवटचा घास म्हणे, इथल्या शिकाऱ्यांची रीत. मी जन्माची शाकाहारी, पण हात आपोआप जोडले गेले. तुझ्या बाबांच्या तोंडात मी तुळशीपत्र ठेवलं होतं, अगदी तसंच रे.

आज पुन्हा जातेय, नऊपर्यंत येते. उपमा झाकून ठेवलाय.

आई

ता. क. बरं, एक थाप आहे. शिंगांची नाही, ती खरंच तेवढी होती. गुडघा दुखला. उतरताना ब्रिगिटेबाईंनी माझं एकेक पाऊल हातात धरून पायरीवर ठेवलं. आजही ठेवतील.