नाशिकचं शिक्षण

पुणे
१८ डिसेंबर २०२४

ती. नंदाताईस,
हरिओमचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू डब्यात घालून ठेवतेस, म्हणून मुकाट्याने कागद घेतला. भाऊबीजेला येणं झालं नाही. त्याचा राग असणारच, म्हणून यंदा ओवाळणीत साडी नाही, सहल. जानेवारीच्या शेवटी नाशिकला जायचं. तिथे द्राक्षाच्या वाइनचे कारखाने आहेत. बाग दाखवतात, जेवायला घालतात आणि पाच-सहा तऱ्हेची वाइन चाखायला देतात. लगेच नाक मुरडू नकोस. ती प्यायची नसते, तोंडात घोळवून बादलीत थुंकायची असते. तुला सरबत मिळेल.

खरी गोष्ट पुढेच आहे. माझे मेव्हणे काकासाहेब येताहेत, सोबत त्यांची लेक आकांक्षा. आपल्या प्रेमसाठी तिचा विषय मीच काढलाय. त्यांना पोरगा पाहायचाय, आणि चहा-पोह्यांत पोरगा कुठे कळतो? प्रेम चार महिने नाशिकला राहून द्राक्षाचं शिकून आला, त्याला तिथलं सगळं पाठ असणार. तोच आपला वाटाड्या. भाच्याची हुशारी जरा चारचौघांत दिसू दे की.

गाडी जालन्याला पाठवतो. माझ्यावरचा लोभ रुसव्यापेक्षा जास्त असेल या भरवशावर,

तुझा,
हरिओम

*

मस्तगड, जालना
२४ डिसेंबर २०२४

ती. दैवशालाअक्कास,
नंदाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी वरडते अन् अर्धी गल्ली ऐकते. ही गोष्ट वरडायची न्हाई, म्हणून लिहून राह्यले.

हरिओमचं पत्र आल्तं. तो प्रेमला नाशिकला वाइन चाखायला न्यायचं म्हणतोय, अन् तेही आकांक्षाच्या बापासमोर. का, तर माझं लेकरू तिथं शिकून आलंय. अक्का, तुला तर माहीत आहे, प्रेम नाशिकला कधी गेल्ताच न्हाई. तो संभाजीनगरला दारू सोडवायच्या केंद्रात होता. द्राक्षाचं शिकायला गेलाय म्हणून आपण दोघींनीच तर उठवलं. आपली बाग आहे, लोकांना पटंल म्हणून. इतकं बराबर पटलं की आता तेच अंगावर आलं.

तवापासून त्यानं थेंब घेतला न्हाई. जांब समर्थला रामाच्या पायरीवर डोकं टेकवून शब्द दिलाय त्यानं. दिवसभर बागेत असतो, सांजच्याला माझ्या पुढ्यात बसून जेवतो. दार वाजलं की आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची सवय होती मला, ती आत्ता कुठं सुटलीय.

न्हाई म्हणावं तर सोयरीक जाते. खरं सांगावं तर बिलकुलच जाते. तू थोरली आहेस, काही तरी सांगून हरिओमला अडव. तुझ्या मायेवर तर एवढी वर्षं काढली,

तुझी,
नंदा

*

अंबड
३० डिसेंबर २०२४

चि. नंदास अनेक आशीर्वाद.

मी हरिओमला फोन केल्ता. तो हसायलाच लागला. म्हणला, अक्का, ती दारू न्हाई, वाइन आहे. मंग त्यानं थेट प्रेमलाच लावला, अन् प्रेम हो म्हणला. दुसरं काय म्हणणार होता, मामाला काय सांगणार होता?

आता तू मधी पडू नको. पोराला ताकीद दे, थुंकून टाक म्हणावं. पोरगी चांगली, घर चांगलं. बायको आली की पोरगं ठिकाणावर येतं. लग्न होऊ दे, बाकीचं मागून पाहू. तुझ्याही लग्नाच्या टायमाला आपल्या दादांनी हेच केल्तं, अन् झालाच न तुझा संसार.

जिवाला खाऊ नको. माया आहेच,
अक्का

*

मस्तगड, जालना
६ जानेवारी २०२५

चि. हरिओमला अनेक आशीर्वाद.

माझी कंबर धरलीय, मी काही येत न्हाई. प्रेमलाही नेऊ नको. द्राक्षात पाणी उतरायला लागलंय, बागेतून पाय काढता येत न्हाई. आकांक्षाला अन् काकासाहेबांना इथंच घेऊन ये, पुरणाचा स्वयंपाक करते, पोरगा बागेत काम करताना दिसंल. नाशिकचं त्याला एवढं काही ठाऊक न्हाई. माझं कधी तरी ऐकत जा. कारण विचारू नको.

लहानपणी ऐकायचास तसा ऐकशील ना,
ताई

*

पुणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. नंदाताईस शि. सा. न. वि. वि.

आधी पेढे खा. काकासाहेबांनी होकार दिला.

तुझं ऐकलं असतं तर केवढं चुकलं असतं बघ. प्रेम सुरुवातीला अगदी घुम्यासारखा. कुठे राहायचास, कुणाकडे शिकलास, काकासाहेबांनी विचारलं तर मान खाली. आकांक्षाही बघायला लागली. मग काकासाहेबांनीच पहिला ग्लास त्याच्या हातात दिला, लाजू नको म्हणाले. तो ग्लासाकडे बघतच बसला. मीच पाठीवर थाप मारली, आणि त्यानंतर गडी असा मोकळा झाला की विचारू नकोस. बागेतल्या गमती सांगितल्या, सगळ्यांना हसवलं. आम्ही बादलीत थुंकत होतो, हा एकटा नाही थुंकला. मी म्हटलंसुद्धा, ताईच्या घरात कुठलीच वस्तू वाया घालवायची सवय नाही. काकासाहेब म्हणाले, पोरगा दिलखुलास आहे, आपल्यात बसणारा आहे. निघताना त्याला बाटल्यांचं खोकं भेट दिलं.

साखरपुड्याची तारीख तू काढ. भाऊबीज फिटली म्हण, आणि आता तरी हास,

तुझा,
हरिओम

*

मस्तगड, जालना
११ फेब्रुवारी २०२५

हरिओम,

प्रेम नाशिकला शिकला न्हाई. तो दारू सोडवायच्या केंद्रात होता. तुझ्या गाडीतून तो नवीन जालन्यात स्टेशनपाशीच उतरला, खोकं घेऊन. घरी दुसऱ्या दिवशी लोकांनी आणून टाकला. तवापासून रोज चालू आहे. बाग तशीच पडलीय. दार वाजलं की मी परत वास घ्यायला उभी राहते.

बादली ठेवल्ती म्हणतोस. माझ्या घरात आजवर कुणी थुंकलं न्हाई रे. तुझ्या दाजींना कावीळ झाल्ती म्हणून तुला सांगितलं, ती पण दारूच होती. दादांना माझ्या लग्नाआधी ठाऊक होतं, अक्काला ठाऊक होतं. बायको आली की ठिकाणावर येईल म्हणले. मला तेवढं कुणी सांगितलं न्हाई.

मी तुला कारण विचारू नको म्हणले, अन् तू विचारलं न्हाईस. तुझा राग येतो, अक्काचा येतो, माझा तर सांगायलाच नको. पाठीवर थाप मारलीस म्हणतोस, ते वाचून मी कागद खाली ठेवला अन् किती तरी वेळ उचलला न्हाई.

साखरपुड्याची तारीख मी काढणार न्हाई. हे पत्र काकासाहेबांच्या हातात दे. त्यांनी आकांक्षाला वाचून दाखवावं, सगळं, काही न गाळता. लिहून राह्यले ते प्रेमला सांगितलं. आज सकाळी शुद्धीवर होता. म्हणला, आई, माझ्याकडं आता ही सोयरीक तेवढी राह्यलीय, लिहू नको. पाया पडला. तरी मी लिहिलं.

शेवटी लोभ मागायची पद्धत आहे. ह्या खेपेला मला नको, त्या पोरीवर ठेव.

नंदा