सामुराई कुणाकडे बघून हसतो?

९ जानेवारी, बॉथेल

पुन्हा धूळ! आज दिवसभर नुसती धूळ पुसली. घरातली नव्हे, ती जिथल्या तिथे आहे. एका जुन्या जपानी सामुराईच्या अंगावरची.

सिनेमाचं नाव इथेही लिहीत नाही, करारात तशी अट आहे. काळापांढरा, जुनापुराणा. आमची टीचभर कंपनी त्याची डिस्क काढणार. स्कॅन केलेल्या फ्रेममधले डाग-ओरखडे सॉफ्टवेअर हेरतं आणि त्यांच्याभोवती लाल चौकोन काढतं. मग मी एकेक चौकोन बघून ठरवायचं: हा खरंच डाग, की चित्राचाच भाग? कारण सॉफ्टवेअर मठ्ठ आहे. त्याला पाऊस म्हणजे कचरा वाटतो. काल तर तलवारीचं टोक उडवायला निघालं होतं!

पण डिस्कवर पहिल्यांदा माझं नाव येणार आहे. रिस्टोरेशन: आश्लेषा. एकटीचं. नवऱ्याच्या, शंतनूच्या व्हिसावर इथे अमेरिकेत आले, कामाची परवानगी नाही म्हणून इतकी वर्षं घरात पोळ्या लाटल्या. त्यानंतर हे. म्हणून निमूट पुसते.

१४ जानेवारी

सासूबाई नागपूरहून आल्यापासून माझ्यामागे खुर्ची टाकून बसतात. मेथी निवडता निवडता सामुराई बघतात. सबटायटल्स अजून चढवलेले नाहीत, तरी सगळं कळतं म्हणे. "हा मेला आपल्या मित्राला मारणार बघ." मारलं त्यानं!

शेवटी तो एकटाच उंच गवतात उभा असतो. हळूच मान वळवून काहीतरी बघतो आणि हसतो. अख्ख्या सिनेमात एकदाच. आईपण हसल्या. मला नीट बघताही आलं नाही. गॅसवर तिळगुळाचा पाक होता, तो करपला.

२५ जानेवारी

घरी हळदीकुंकू. दारात चपलांचा ढीग, गल्लीत गाड्या लावायला जागा नाही, आणि ग्लेनचा मेसेज: "शेवटचं रीळ आजच पाठव." शनिवारी! बॉस झाला म्हणून काय?

सगळे चौकोन एकदम डाग म्हणून मान्य करून पुसायचं एक बटण असतं. दाबलं. उभ्या उभ्याच, एका हातात अत्तरदाणी. ते रीळ तसं स्वच्छच होतं. बायका वाट बघत होत्या.

१० फेब्रुवारी

टोकियोची, म्हणजे सिनेमाच्या मालक कंपनीची, मंजुरी आली!! सिनेमाच्या युनिटमधल्या आता एकच बाई हयात आहेत, हिसाको-सान. तेव्हा कॉलेजच्या वयाच्या असिस्टंट, आता अठ्ठ्याऐंशीच्या. आमची तपासणीची डिस्क त्यांनी पाहिली. शेवटचा शॉट पुन्हा पुन्हा लावायला सांगितला म्हणे. मग "छान, स्वच्छ आहे" म्हणून सही केली. शुक्रवारी डिस्क फॅक्टरीत. आज शिरा केला.

११ फेब्रुवारी

संध्याकाळी मुद्दाम टीव्हीवर लावली, घरच्यांना दाखवायला. शेवटी शंतनू म्हणाला, "हा का हसतोय यार? मित्राला मारून? सायको आहे का?" मी फणकारले, त्याला अभिनय म्हणतात म्हणून.

मग आई म्हणाल्या, "अगं, ती म्हातारी कुठे गेली?"

कुठली म्हातारी?

"रुईच्या बोंडातून उडते ती. लहानपणी फुंकर मारत मागे धावायचो बघ. तशीच होती. त्याच्या नाकासमोरून गेली. तिला बघून तर हसला होता तो!"

मी म्हटलं, नाही हो आई, असं काही नव्हतंच.

त्या म्हणाल्या, "असेल बाई. मोतीबिंदूचे डोळे माझे, काहीबाही दिसतं." आणि उठून गेल्या. जेवल्याही धड नाहीत.

१२ फेब्रुवारी

आहे!! सकाळी मूळ स्कॅन काढून पाहिलं. पांढरी, इवलीशी म्हातारी. गवतातून वर येते, त्याच्या भुवईपाशी रेंगाळते, पुढे जाते. त्याची नजर तिच्यामागे जाते, तेव्हा तो हसतो. आणि माझ्या डिस्कवर? माणूस मारून हवेत बघत दात काढणारा वेडा! एका बटणाने सगळ्या सिनेमाचा शेवट घालवला मी. लाज वाटते.

आईंना बोलावून दाखवलं. म्हटलं, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, चूक माझी. त्यांनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "काल मी घाबरले होते गं."

ग्लेनला फोन केला. तो म्हणतो, "एवढासा ठिपका! कुणाच्या लक्षातही येणार नाही. जी बाई सेटवर होती तिला खटकलं नाही, आणि तुझ्या मदर-इन-लॉला खटकलं?"

दिवसभर तेच डोक्यात. हिसाको-सानना दिसलं कसं नाही? की त्यांना ती नकोच होती? मग मी कोण लागून गेले?

शंतनू म्हणतो, "सोड ना. आम्ही बग माहीत असून शिप करतो." त्याच्याशी बोलत नाहीये.

१३ फेब्रुवारी

म्हातारी परत आणली. एकेका फ्रेममध्ये हाताने. मान आखडली. ग्लेन म्हणतो, फॅक्टरीत मंजूर झालेलीच डिस्क जाणार, टोकियोने सही मागे घेतली तरच थांबेल. "आणि तू त्यांना काही कळवायचं नाहीस."

कळवलं. दोन्ही शॉट पाठवले आणि खाली लिहिलं: चूक यंत्राची नाही, माझी आहे. बटण मी दाबलं.

तासाभरात ग्लेनचा फोन. शब्द इथे लिहीत नाही. टोकियोने फॅक्टरीला थांबायला सांगितलंय, पण डिस्कवर माझं नाव नसेल, आणि पुढचं कामही नाही. फोन ठेवला आणि भांडी घासत बसले. डिशवॉशर असून. रडू येत होतं, रागही. नाव हवं होतं मला! खोटं कशाला बोलू?

१४ फेब्रुवारी

टोकियोहून मला उत्तर नाही. ग्लेनचाही फोन नाही. बाहेर नुसती पावसाची पिरपिर. आईंनी न विचारता आल्याचा चहा आणून ठेवला.

१७ फेब्रुवारी

टोकियोहून मेल. दुभाष्याने हिसाको-सानचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत:

"तो कापूस मी उडवला होता. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून गवतात पालथी पडून, तोंडाने फुंकर मारत, दिवसभर. तुमच्या डिस्कवर तो दिसेना. पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं, तरी दिसेना. वाटलं, माझे डोळे गेले. घरात कुणाला बोलले नाही. सही करून टाकली."