पाच अँपिअर आणि नवं कार्ड

४ मे, दुपारी ३.१०
तौफिकचं पार्सल आलं, सिडनीहून. आत व्हीआरचा हेडसेट आणि चिठ्ठी: आता तरी भेट, भावा. तसाच एक त्याच्याकडे आहे. दोघांनी डोळ्यांवर चढवला की एकाच खोलीत समोरासमोर बसल्यासारखं वाटतं म्हणे. टेबल टेनिससुद्धा खेळता येतं. सहा वर्षांत आम्ही दोघे भाऊ समोरासमोर बसलेलो नाही.
आईने रिकामा खोका उचलून नेला. मजबूत आहे म्हणाली.

४ मे, सायं. ५.००
लावून पाहिला. सात मिनिटं. मग बाल्कनीत उभं राहून लिंबू चोखलं. दोष माझा नाही, ग्राफिक्स कार्डाचा आहे. जुनं कार्ड सेकंदाला चाळीस चित्रं काढतं, लागतात नव्वद. मी शाळेत फिजिक्स शिकवतो, मला हे पोटातून कळतं.
निर्णय: नवं कार्ड. आठ दिवसांत. जास्तीत जास्त दहा.

६ मे
तौफिकचा फोन. त्याच्या बायकोला ऑगस्टअखेर बाळ होणार. आईने यावं म्हणतो. ती आयुष्यात विमानात बसलेली नाही, म्हणून मी तिला घेऊन यावं, शाळेला सुट्टी आहेच, दोन महिने राहावं. पंधरा जुलैपर्यंत हो की नाही ते सांग, तिकिटं काढायची आहेत. मी म्हणालो, असलं फोनवर ठरवत नाहीत, व्हीआरमध्ये भेटू आणि निवांत बोलू. तो म्हणाला, मग आज भेटू. मी म्हणालो, कार्ड येऊ दे.
महत्त्वाचं बोलणं हलत्या चित्रात करू नये. त्यातून त्याने बाबांचा विषय काढला तर? बाबा गेले तेव्हा तो आला नाही, आणि मी फोनवर नको ते बोललो. अशा वेळी नव्वद चित्रं असलेली बरी.

१४ मे
दहा दिवस झाले. पण वाया नाही गेले. एकेचाळीस व्हिडिओ पाहिले, तक्ता केला. तलच्या चौकात कॉम्प्युटरवाल्या नकूलाच्या दुकानात चार चकरा. आज तो म्हणाला, मास्तर, आहे ते घ्या. विचारलं, कार्डांची नवी मालिका कधी? जूनमध्ये म्हणाला. म्हणजे मे महिन्यात कार्ड घेणारा मूर्खच.
जूनपर्यंत थांबणे. हा आळस नाही, नियोजन आहे.

२९ मे
आई शेजारच्या उम्म जुब्रानबरोबर फोटो काढायला गेली. पासपोर्टसाठी. गेली सहा वर्षं 'मी आता तौफिककडे जाणार' म्हणतेय. म्हणू द्यावं. वयाप्रमाणे माणसाला काहीतरी नाद लागतो.

१७ जून, सकाळी १०.००
नवी मालिका आली! नकूलाचा फोन. धावत गेलो. खोक्याला हात लावून परत आलो. पहिल्या खेपेच्या मालात खोट असते, असं तीन व्हिडिओंत म्हणतात. चौथ्यात नसते म्हणतात, पण तो माणूस सारखा हसत होता.
नकूलाने विचारलं, मास्तर, तुम्हाला कार्ड हवंय की गप्पा? बोलायची पद्धत नाही.
दुसऱ्या खेपेची वाट पाहणे.

३० जून
बेचैनी. बंदरावर, समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावर तीन फेऱ्या. घरी आलो तर आई झातर, म्हणजे आमचा रानओव्याचा मसाला, पिशव्यांत भरून वर कापड शिवत होती. विचारलं, हिवाळ्याची तयारी एवढ्यात? म्हणाली, तिकडचे कस्टमवाले खायचं काढून घेतात, म्हणून उशीत भरतेय. कुठले कस्टमवाले ते विचारायचं राहिलं. डोक्यात कार्डाची मेमरी सोळा जीबी की बारा, हे चाललं होतं.

१४ जुलै
तौफिकचा फोन. आवाज चढलेला. जुन्या कार्डावरच ये म्हणे, माझं तुझ्याहून जुनं आहे, मला काही होत नाही. त्याचं पोट आईवर गेलंय, माझं बाबांवर, हे त्याला कळत नाही. म्हणाला, नझीह, हो म्हण नाहीतर नाही म्हण, कार्डाचं नाव काढू नकोस. मी म्हणालो, चार दिवस दे.
दिले नाहीत.

१६ जुलै
आईचं तिकीट निघालं. ९ ऑगस्ट, एकीचंच. उम्म जुब्रानची मुलगी रीमा त्याच विमानाने सिडनीला परत चाललीय, ती सांभाळून नेईल. आई म्हणाली, तू तुझं मशीन लाव, माझी काळजी करू नकोस. टोमणा होता की काय ते कळलं नाही. रात्री माझं ताट तिने कॉम्प्युटरपाशी वाढलं, म्हणजे टोमणाच.
काही बिघडलेलं नाही. नऊला अजून चोवीस दिवस आहेत. कार्ड येईल, तौफिकशी भेट होईल, आणि मलाही त्या विमानात एक जागा मिळेलच. ऐन वेळी लोक रद्द करतात.

२२ जुलै
कार्ड घेतलं!! सर्वांत मोठं. नकूलाने हात जोडले, पाया पडायचा बाकी होता.

२२ जुलै, दुपारी १.००
कॅबिनेटमध्ये मावत नाही. चार बोटं लांब आहे. लांबी सोडून सगळं तक्त्यात होतं.

२३ जुलै
कॅबिनेटच्या आतला पत्रा करवतीने कापला. आई दारातून पाहून गेली. बाबांनीही घरातलं प्रत्येक कपाट असंच कापून बसवलं म्हणाली. कौतुक समजतो.

२४ जुलै, सकाळी ११.२०
कार्ड बसलं. हेडसेट चढवला. समुद्र, गलबतं, पाण्यावरचं ऊन. पोट जागेवर! एकोणीस सेकंद. मग अंधार.
सरकारी वीज इथे कधीतरीच येते, एरवी गल्लीतल्या जनरेटरवर आमचं कनेक्शन, पाच अँपिअरचं. जास्त ओढलं की तळमजल्यावरच्या पेटीतली कळ पडते. चार जिने उतरलो, कळ वर केली, चार जिने चढलो. हेडसेट. बावीस सेकंद. अंधार. चार जिने.

२४ जुलै, सायं. ६.००
शोध लागला. कॉम्प्युटर अडीच अँपिअर, बाकी घर दीड. बेरीज चार. म्हणजे बसायला हवं. पण फ्रिजची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट ओढते, हे हिशेबात धरलं नव्हतं. हा धडा मी दरवर्षी दहावीला शिकवतो. कोणाला सांगायचं नाही.

२७ जुलै
जनरेटरवाल्या अबू हैसमकडे गेलो. दहा अँपिअर हवेत म्हणालो. म्हणाला, मास्तर, मशीन भरलंय, कोणीतरी सोडायला हवं. कोण सोडतं? जो मरतो किंवा परदेशी जातो तो. मग विचारलं, लग्न ठरलं का, दहा कशाला? कारण सांगितलं. तो एवढा हसला की आतून त्याचा मुलगा बघायला आला.

२९ जुलै, दुपारी ४.१५
नवी योजना. सरकारी वीज आली की तिला पाच अँपिअरची मर्यादा नाही. तेव्हाच खेळायचं. आजच जिन्यात ओरडा झाला, सरकार आलं, सरकार आलं! मी हेडसेटकडे धावलो. आईने वॉशिंग मशीन लावलं, गिझर लावला, वर पाण्याचा पंप. सगळ्या बिल्डिंगने लावलं. दिवे पिवळे पडले आणि कॉम्प्युटर आपला आपण बंद झाला. अकरा मिनिटांत सरकार गेलं.

३ ऑगस्ट, रविवार, सकाळी १०.४५
आज ठरलं आहे. अकरा वाजता, तौफिक आणि मी. फ्रिज बंद केला. पंखा बंद. आईला बजावलं, अर्धा तास कशालाही हात लावू नकोस. मी हो म्हणणार आहे. बाबांचंही मीच काढणार, त्याला काढावं लागू नये. पाठ केलंय.

३ ऑगस्ट, दुपारी १२.००
खोली दिसली. समोर तौफिक. म्हणजे डोकं, दोन हात, मध्ये काही नाही. डोक्याला त्याने बाबांसारखी मिशी लावली होती. त्याने हात वर केला. मी पण केला. तो म्हणाला, नझीह, तू आहेस खरंच? मी तोंड उघडलं आणि अंधार.
आई इस्त्री करत होती. प्रवासाचा झगा. म्हणाली, मला वाटलं तू एकटाच हातवारे करतोयस.
चार जिने खाली, चार वर. तोवर तौफिक गेला होता. मेसेज ठेवलेला, बायकोला दवाखान्यात नेतोय, पुन्हा कधीतरी.
मी आईवर ओरडलो. इस्त्रीवरून. ती म्हणाली, तू सोबत येणार असतास तर मी एकच झगा इस्त्री केला असता आणि दुसऱ्याच्या जागी तुझा शर्ट. मग तिने माझा शर्टही इस्त्री केला, शाळा उघडेल तेव्हासाठी.

९ ऑगस्ट
बैरूतचा विमानतळ. रद्द करणाऱ्यांच्या जागेची चौकशी केली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, व्हिसा आहे? व्हिसा नाही. त्याच्यासाठी अर्ज करावा लागतो, हे मला माहीत होतं. माहीत असूनही पुढची पायरी म्हणून मी कार्डच बघत राहिलो.
आईने सामान रीमाच्या ट्रॉलीवर ठेवलं, त्यावर हेडसेटचा खोका. आत चहाचा सेट, तौफिकच्या बायकोसाठी; माझ्यासाठी असा कधी घेतला नव्हता. आत जाताना मागे वळून म्हणाली, जेवत जा. नेहमी फ्रिज चालू ठेव म्हणते. आज म्हणाली नाही.

११ ऑगस्ट, सकाळी ११.००
कार्ड अप्रतिम चालतं. नव्वद चित्रं, एकही कमी नाही. एक तास खेळलो, कळ पडली नाही. इस्त्री नाही, गिझर नाही, मशीन नाही. फ्रिज रिकामा म्हणून तोही बंद. अबू हैसम जिन्यात भेटला, म्हणाला, मास्तर, आता पाच अँपिअर तुम्हाला जास्तच होतील.
तौफिकला कळवलं, सगळं तयार आहे, ये. उत्तर आलं, हेडसेट माळ्यावर टाकला, त्याच्या जागी पाळणा ठेवलाय. फोन कर ना.

१३ ऑगस्ट, दुपारी २.३०
फोन केला. तिघं सोफ्यावर दाटीवाटीने बसलेली, चित्र अडखळत होतं. आईने उशी फाडून झातर काढलं होतं, ती हसत होती, तौफिक पण. त्याला मिशी नाही, हे पाहून वाईट का वाटावं? त्याने सहज विचारलं, का आला नाहीस रे? मी कार्डाबद्दल सांगायला सुरुवात केली आणि कोणीच हसलं नाही, म्हणून थांबलो. बाबांबद्दल पाठ केलेलं आठवेना. ऐकू येत नाही म्हणालो. येत होतं.
फोन ठेवल्यावर खोलीत हिंडलो. मला जायचं होतं. पहिल्यापासून जायचं होतं.

१४ ऑगस्ट
व्हिसाचा फॉर्म आणला. एकोणीस पानं. तिथून सरळ तिकिटवाल्याकडे. म्हणाला, आत्ता भाव चढे आहेत, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उतरतात. शाळा बावीसला उघडते, पण ते बघता येईल. चार एअरलाइन्सचा तक्ता करायला घेतला आहे.
घाईने तिकीट घेणारा फसतो. थांबतो.