स्वारीसाठी खोली

३ सप्टेंबर, मंगळवार

उचलली जीभ, लावली टाळ्याला! चिनात्सुचा फोन आला. लग्नाचा दिवस ठरला, सतरा नोव्हेंबर. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा येणार आहेत. आणि आई, त्यांच्याबद्दल तुला एक —"

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, हॉटेल ना? मी बघते. तू तुझं लग्न बघ. ती "अगं पण" म्हणाली, मी म्हटलं पण नाही नि बिण नाही, ओसाकात मी छत्तीस वर्षं काढली आहेत, एक बरं हॉटेल मला सापडणार नाही का. फोन ठेवला.

चौदा वर्षांपूर्वी घटस्फोट दिलेल्या नवऱ्यासाठी मी हॉटेल शोधणार. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

स्वारीची झोप म्हणजे काचेचं भांडं. लिफ्ट दुरुस्तीची नोकरी, केव्हाही बोलावणं यायचं, त्यात झोपेची वाट लागली. त्यातून हे शहर. खालच्या मजल्यावर पिऊन गाणारे, समोर पाट्यांचा लखलखाट, पहाटे कचऱ्याची गाडी. मला यातलं काही ऐकूच यायचं नाही. मी भूकंपातही घोरते, असं तो म्हणायचा.

मग इमाबारीला त्याची आई आजारी पडली. तो म्हणाला, चल, तिकडेच राहू. मी म्हटलं, तिकडे करू काय, टॉवेल मोजू? त्या गावात टॉवेलांचे कारखाने सोडून दुसरं आहे काय! तो हसला नाही. सहा महिन्यांसाठी गेला, त्याची दोन वर्षं झाली, मग शिक्का मारलेला घटस्फोटाचा कागद आला. मीही मारला. जाताना एकच म्हणाला होता — "हे शहर मला झोपू देत नाही, फुमिए." मला वाटलं, शहराचं नाव घेतोय, बोलतोय माझ्याबद्दल.

सासूबाई गेल्या तेव्हा मी पोस्टाने शोकपत्र पाठवलं. गेले नाही. जायला हवं होतं.

८ सप्टेंबर, रविवार

पहिलं हॉटेल, नाम्बाला. चकचकीत. खिडकी उघडायला सांगितली तर समोर अख्ख्या भिंतीएवढा खेकडा, दिव्यांचा, पाय हलवतोय. खेकडा कधी झोपतो विचारलं. काउंटरवरची मुलगी गंभीरपणे म्हणाली, विचारून सांगते.

लिफ्टही चौथ्या मजल्यावर गचका देते. रद्द.

११ सप्टेंबर, बुधवार

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी कोंबूच्या, त्या समुद्री शेवाळाच्या, वाळक्या पट्ट्या कापत होते आणि दुकानात बरोबर काम करणाऱ्या कुसाकाबाई मोबाइलवरून मला लोकांचे अभिप्राय वाचून दाखवत होत्या. एकाच हॉटेलबद्दल एक म्हणतो स्वर्ग, दुसरा म्हणतो शेजारच्याची शिंक ऐकून मी 'जपून राहा' म्हणालो आणि त्याने भिंतीपलीकडून आभार मानले.

आत्तापर्यंत दोनशेच्या वर अभिप्राय वाचलेत. स्वतःचा नवरा निवडताना मुलीने इतकी चौकशी केली नसेल. कुसाकाबाईंनी विचारलं, पाहुणे कोण? मी म्हटलं, मुलीकडचे. त्या म्हणाल्या, मुलीकडची तर तुम्हीच. मी कोंबू कापत राहिले.

१५ सप्टेंबर, रविवार

उमेदाला दोन हॉटेलं. दुसऱ्यात लिफ्टने वर-खाली सहा वेळा गेले. दार बंद होताना आवाज करतं का, थांबताना पोटात खड्डा पडतो का — वीस वर्षं या माणसाबरोबर काढल्यावर मलाही थोडं कळतं. लिफ्ट वाईट असली की स्वारी झोपायची सोडून तिच्यासमोर जाऊन उभी राहील, मला माहीत आहे.

सातव्या वेळी गणवेशातला तरुण आत शिरला. अदबीने म्हणाला, "आजी, कितव्या मजल्यावर जायचंय?"

आजी! एकोणसाठाव्या वर्षी! मी ताठ होऊन म्हटलं, हॉटेल बघायला आलेय, पाहुण्यांसाठी. त्याने विचारलं, पाहुणे आपले कोण? नवरा म्हणावं तर नाही. कुणी नाही म्हणावं तर मग मी इथे काय करतेय? शेवटी म्हणाले, "माझ्या मुलीचे वडील." त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. चांगलं शिकवतात पोरांना.

सोमवारी कुसाकाबाईंना लिफ्टचं सांगितलं तर म्हणाल्या, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. आता त्यांना सगळं कळलंय. विचारलंही नाही त्यांनी, नुसत्या माझ्याकडे बघून गालात हसल्या. (हे मंगळवारी लिहिलं. रविवारी रागात होते.)

२९ सप्टेंबर, रविवार

मूर्खपणाची हद्द. तेन्नोजीच्या एका हॉटेलात स्वतः एक रात्र राहून आले. परीक्षा म्हणून. माझं घर तिथून गाडीने वीस मिनिटांवर! कार्डावर पत्ता लिहिला तेव्हा काउंटरवरच्या माणसाने एकदा पत्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याला वाटलं असणार, घरात भांडण झालं. त्याने न मागता मला चहाची जास्तीची पुडी दिली.

निकाल — नऊ तास सलग झोपले. आणि सकाळी न्याहारीला सूप पिताना लक्षात आलं की याला काय अर्थ आहे? मी कुठेही नऊ तास झोपते. माझ्या झोपेवरून त्याच्या झोपेची परीक्षा! सूप मात्र चांगलं होतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

चिनात्सु चिडली. "आई, दहा हॉटेलं बघण्यापेक्षा एक फोन सोपा आहे. तू बाबांशी एकदा बोल ना. मी सांगण्यासारखं नाहीये ते, त्यांनीच सांगायचंय." मी म्हटलं, काय सांगायचंय? लग्न करतोय का दुसरं? ती म्हणाली, तुला वाटेल ते समज. नंबर पाठवला आणि फोन ठेवला.

नंबर वहीत उतरवून घेतला. केला नाही. एकदा सात आकडे दाबले आणि थांबले.

तर दुसरं लग्न. बरोबर आहे. बासष्टीचा धडधाकट माणूस, लिफ्ट दुरुस्त करतो, दारू बेताची. इमाबारीत एखादी टॉवेलवाली असेलच. मग खोली दोघांची बघायची का? आणि उशा दोन? मी तिच्यासाठीही उशी निवडायची!

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला तो यायला हवाय. एकदा, फक्त एकदा, या माझ्या शहरात त्याला शांत झोप लागावी आणि सकाळी त्याने म्हणावं, बरी झोप लागली. म्हणजे मग इतकी वर्षं मी जे इथे अडून बसले ते अगदीच चुकलं नाही, असं होईल. आणि झोप लागली तर कदाचित एखादा दिवस जास्त राहील.

लिहिलं खरं. शाईने लिहिलेलं खोडता येत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

सापडलं! अकरावं. कितहामाला, नदीकाठी. जुनी इमारत, नऊ मजले, बाहेरून बघाल तर बँक वाटेल. लिफ्ट एकच, माझ्याहून म्हातारी असेल, पण चालते अशी की निघाली कधी आणि पोचली कधी कळत नाही. मी चकित होऊन तिथेच उभी. मालकीणबाई सत्तरीच्या. म्हणाल्या, दर महिन्याला तेल पाजते, नवऱ्याचं एवढं केलं नाही कधी.

सहाव्या मजल्यावरची कडेची खोली, लिफ्टपासून लांब. खिडकीखाली पाणी. सालांची उशी मिळेल का विचारलं — सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या, दाण्यांची साल भरलेली, तो तसलीच घेतो. बाईंनी कपाटातून काढून माझ्या हातात दिली. त्याच्या उशीसारखीच सळसळली. मी ती उगाच थोडा वेळ धरून ठेवली.

बाईंनी विचारलं, किती जण? मी म्हटलं, एक. आणि मग, बहुधा. किती रात्री? लग्न रविवारी, म्हणजे शुक्रवार-शनिवार-रविवार. मी चार सांगितल्या.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

चिनात्सुने त्याला कळवलं. त्याचं उत्तर तिने वाचून दाखवलं — "छान. एकटाच येईन. तिला धन्यवाद सांग."

मी तिला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, आई, शब्द वाढणार नाहीयेत. मला वाढायला नकोच होते. 'एकटाच' पुरे होता.

४ नोव्हेंबर, सोमवार

केस कापले. फार कापले गेले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या तीन वाजता येतोय. स्टेशनवर कुणी यायला नको, थेट हॉटेलवर येईन, असा निरोप. मी म्हटलं, मी फक्त खोली बरोबर मिळते ना ते बघायला जाणार. दोन मिनिटं. कुसाकाबाई म्हणाल्या, "खोली बघायला लिपस्टिक लागते वाटतं?" मी पुसली. त्या म्हणाल्या, आता ओठ आजाऱ्यासारखे दिसतात. परत लावली.

सासूबाईंच्या वेळी आले नाही त्याची माफी मागायचीय. वाक्य तयार केलंय. मोठ्याने म्हणून पाहिलं तर कोंबूचा दर सांगतेय असं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आला. केस सगळे पांढरे, हातात छोटी बॅग. मी वाक्य विसरले. मालकीणबाईंनी कार्ड पुढे केलं, त्याने चष्मा लावून नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मी डोकावले. इमाबारी नव्हतं. साकुरानोमिया, ओसाका. माझ्या तेन्माच्या पुढचं स्टेशन. मधे फक्त नदी.

"कधीपासून?"

"आई गेल्यावर आलो. मार्चमध्ये चार वर्षं होतील."

"मग बॅग घेऊन हॉटेलात कशाला आलास, वेड्या?"

त्याने पेन जागेवर ठेवलं. "तू माझ्यासाठी हॉटेल बघत फिरतेयस, असं चिनात्सु म्हणाली. मी इथेच राहतो म्हटलं असतं, तर तू शोधणं थांबवलं असतंस."