संतांचा डावा हात

ता. ९ मार्च, रविवार दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही सगळे बरे असाल. वहिनींना माझी आठवण सांग. वर्षाला एक शुभेच्छापत्र पाठवणाऱ्या बहिणीचं एवढं जाड पाकीट बघून घाबरू नकोस. नमनाला घडाभर तेल घालायची माझी सवय तुला ठाऊकच आहे.

आपल्या चर्चला पुढच्या महिन्यात शंभर वर्षं होतात. माहितीपुस्तिका लिहायचं काम फादरांनी माझ्या गळ्यात घातलंय, का तर माझं अक्षर चांगलं! गेले पंधरा दिवस शिवणयंत्र झाकून ठेवलंय आणि वही घेऊन चर्चमध्ये हिंडतेय. जन्मभर तिथे गुडघे टेकले, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं बघ. घंटेचा मनोरा बुटका का, तर खाणीत पाणी भरलं आणि दगड मिळेना. पुढे कुणाला त्याची आठवणच राहिली नाही. रंगीत काचांची सहावी खिडकी येतानाच फुटली, म्हणून तिथे आजतागायत साधी काच आहे. खरा उजेड तेवढ्या एकाच खिडकीतून येतो, त्यामुळे सगळ्या म्हाताऱ्या त्या बाकासाठी भांडतात. बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या कडेला एक खाच आहे. ती म्हणे पहिल्या फादरांच्या अंगठीने पडली. मी विचारलं, "बाळांना आंघोळ घालत होते की कुंड घासत होते?" फादर हसले, पण हे पुस्तिकेत नको म्हणाले.

बाकं चोवीस. सगळी बाबांच्या हातची. त्यातल्या दोन बाकांच्या कडा इतरांपेक्षा बोटभर पातळ आहेत. त्या का पातळ, हे मी वहीत लिहिलं नाही. तू कोरलेली वेलबुट्टी, "डावखुऱ्याचं काम देवाच्या घरात नको" असं चारचौघांत म्हणून बाबांनी रंधा मारून सपाट केली, आणि त्याच दिवशी तू घर सोडून गेलास. हे पुस्तिकेत कुठल्या तोंडाने लिहू?

तू गेल्यानंतरची एक गोष्ट तुला माहीत नाही. पुढच्या वर्षी छत रंगवणाऱ्यांची शिडी निसटली आणि सुतारांच्या संतांच्या लाकडी पुतळ्याचा, आशीर्वादासाठी उचललेला उजवा हात मनगटापासून तुटला. बाबांनी नवा कोरला. बसवला, वरचं कापड काढलं, आणि सगळं चर्च खुसखुसायला लागलं. अंगठा भलत्याच बाजूला! उजव्या मनगटावर डावा पंजा! चाळीस वर्षं हत्यार धरलेल्या माणसाचं हे काम. घंटावाले काका म्हणाले, "दोन्ही हात डावे, आता आशीर्वादही उलटा लागायचा." बाबा म्हणाले, "नजरचूक झाली," आणि मूग गिळून बसले. तेव्हापासून पोरंटोरंसुद्धा त्यांना डावरे संत म्हणतात.

शंभरीच्या निमित्ताने समितीने तो हात बदलायचं ठरवलं. मंगळवारी फादर स्वतः घरी सांगायला आले.

"हात काढायचा नाही," बाबा म्हणाले.

"अहो, तुमचीच चूक दुरुस्त करतोय."

"चूक नाही ती. माझ्या पोराचा हात आहे तो. आठवून कोरलाय. करंगळी बघा त्याची."

दादा, मी शिडी लावून पाहिलं. करंगळी वाकडी आहे, तुझी लहानपणी दारात चेमटली होती ना, अगदी तशी. सोळा वर्षं मी त्या हाताखाली प्रार्थना करत होते आणि मला दिसलं नाही. मी शिडीवरच रडले. घंटावाले काका खालून ओरडत होते, "अगं, उतर आधी, मग रड!"

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तो हात बसवला त्याच संध्याकाळी बाबा मला म्हणाले होते, "दादाला लिही. म्हणावं, ये. माझं चुकलं." लिहायचं म्हटलं की ते नेहमी मलाच पुढे करायचे. मी हो म्हटलं, आणि लिहिलं नाही. फार राग होता मला तुझा. तू पिशवीत कपडे कोंबून निघून गेलास. आई आधीच गेलेली. बाबांची चिडचिड, घर, त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात येणारीजाणारी माणसं, सगळं माझ्या अंगावर पडलं. म्हटलं, गेला ना, जाऊ दे. बाबा सहा महिने पोस्टमनची वाट बघत होते. मग एकदा विचारलं, "काही आलं?" मी म्हटलं, "नाही." शब्द खराच होता, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नाही. नंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही. त्यांना वाटत राहिलं, तू आला नाहीस. तुला वाटत राहिलं, त्यांनी बोलावलं नाही. माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला माफ कर.

आणि आम्ही बरे आहोत असं वर लिहिलं, तेही खरं नाही. जानेवारीत बाबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडलीय. ज्यांना भेटायचं त्यांना लवकर बोलावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले.

काल मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, आता माझं तोंडसुद्धा बघणार नाहीत. मग म्हणाले, "कागद आण." मी पेन घेऊन बसले, तर म्हणाले, "तू नको. या वेळी मी लिहितो."

आज सकाळपासून ते डाव्या हातात पेन धरून बसले होते. दोनदा कागद फाटला. मधेच मला विचारलं, "हे पोरगं या हातानं एवढं नाजूक कोरायचं कसं गं?" त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा पेन उचललं.

आत्ता लिहून झालं. अक्षर जरा नीट करायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली. जसं आहे तसं खाली आहे. आज रविवार असला तरी टपालपेटीपर्यंत मी स्वतः चालत जाऊन पाकीट टाकणार आहे.

तुझी,
सोळा वर्षं उशीर केलेली धाकटी

ये