प्लूटोचे शेवटचे दोन चंद्र

नेर, गुरुवार, ८ जानेवारी

परवा लिहिलं की अब्बा प्लूटोचे शेवटचे दोन चंद्र विसरले. ते चूक आहे. विसरले नव्हते, त्यांचा दम संपला होता.

मला शाळेत घालायच्या आधी अब्बांनीच घरी ग्रह आणि चंद्र शिकवले, कापसाचे गोळे वळून. तेव्हा प्लूटोचा एकच चंद्र माहीत होता. आता पाच. मी शिकवते त्या वर्गासाठी तसेच करून द्या म्हटलं, तर परवा तीन वळून उठले. आज पुन्हा बसवलं. चौथा झाला. पाचवा तिळाएवढा, तळहातावर ठेवला आणि खोकल्याची उबळ आली. त्यांच्याच श्वासाने तो उडून गेला.

"अब्बा, दवाखान्यात चला."

"पिंजाऱ्याच्या छातीत कापूस नाही तं काय सोनं निघंन, बेटा?" स्वतःच हसले. मग पुन्हा खोकले.

यंदा कापसाला भाव नाही, शेतकऱ्यांच्या हातात पैसा नाही, नवी गादी कोणी भरत नाही. म्हणून अब्बा लोकांच्या जुन्या गाद्या पिंजतात, दार लावून, त्या धुळीत. तोंडाला रुमालही नाही. अम्मी म्हणते, थंडीचा खोकला आहे. मीही तेच म्हणत होते ना? कशासाठी? भीती वाटते म्हणून?

तो तिळाएवढा चंद्र खूप शोधला. खोलीभर कापूसच कापूस, कुठे सापडणार?

डॉक्टर काय सांगतील ते मला आत्ताच कळल्यासारखं वाटतं. नेऊन काही होईल असं वाटत नाही. तरी नेणार. सोमवारी, १२ तारखेला, सकाळच्या एसटीने, यवतमाळला.