पेटीतलं पागोटं

कोतो रामाई, ९ मार्च

चि. बुस्तानूल यास थोरल्या बहिणीचे, उनीचे अ. उ. आ.

आपल्या मामांना शुक्रवारी माती दिली. कबरीपाशीच पंचांनी विचारलं, आता या घराचा कारभारी, दातुक कोण. पदवी मामाकडून भाच्याकडे जाते, म्हणून घरची थोरली या नात्यानं मी तुझं नाव घेतलं. मामांनीही तसंच सांगून ठेवलं होतं. पण तू स्वतः येऊन, रेडा कापून गावजेवण घातल्याशिवाय पागोटं डोक्यावर चढत नाही. तोवर पदवी घडी करून ठेवली आहे, आणि पागोटं माझ्या पेटीत आहे. दातुक नसलेल्या घराला पंचांपुढे तोंड नसतं, हे तुला सांगायला नको. वकिलातीतले शिक्के चार दिवस दुसरा कोणी मारील. माझा युनास सहावीत गेला, मामा कधी येणार म्हणून रोज डोकं खातो.

तुझी वाट पाहणारी,
रोस्ना उनी

कैरो, २ एप्रिल

ती. उनीस सा. सलाम वि. वि.

पत्र वाचून रडू आवरेना. रजा मागितली, पण कराराची बोलणी चालली आहेत, राजदूत सोडत नाहीत. मामांनी शिकवलेलं सगळं इथे कामी येतं: थोरांशी चढणीचं बोलावं, धाकट्यांशी उताराचं, बरोबरीच्यांशी सपाट आणि सोयऱ्यांशी वळणाचं. राजदूतांना वाटतं, मी हे पुस्तकात वाचलं. पुढच्या उन्हाळ्यात नक्की येतो. चि. युनासला आशीर्वाद.

तुझ्या रागाला भिणारा,
बुस्तानूल

कोतो रामाई, ११ जून

चि. बुस्तानूल यास अ. उ. आ.

तू परराष्ट्रमंत्री झालास हे रेडिओवर ऐकून गावानं ढोल वाजवले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या 'पुढच्या उन्हाळ्या'ला चौदा वर्षं झाली. वरच्या आळीला झऱ्याचं पाणी आपल्या शेतांवरून वळवायचं आहे. जुलैत पंच बसणार. तू देशांच्या सीमा ठरवतोस आणि आपल्या पाटाचं बोलायला घरात माणूस नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दोन दिवस ये. पागोट्याला दर महिन्याला ऊन दाखवते आहे.

रोस्ना उनी

जाकार्ता, २० जून

ती. उनीस सा. सलाम वि. वि.

जुलैत परिषद आहे, यजमान मीच. ऑगस्टमध्ये येतो. पंचांना थांबायला सांग. ही खुर्ची एका सहीनं मिळाली, एका सहीनं जाईल. मामांचं पागोटं तेवढं माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, या आधारावर मी इथे उभा आहे. ते माझ्यासाठी ठेव.

बुस्तानूल

कोतो रामाई, ३० जुलै

चि. बुस्तानूल यास अ. उ. आ.

पंच थांबले नाहीत. आपलं अर्धं पाणी गेलं. मी बायकांत बसून ऐकत होते, आणि आपल्या घराच्या वतीनं कोणी खोकलंदेखील नाही. घरी आले आणि पेटी उघडली. काल रेडा कापला. युनास आता दातुक आहे. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू ऑगस्ट म्हणाला असतास. मलाही रात्रभर झोप नाही. पोटच्या पोराला आता नावानं हाक मारायची नाही; सकाळी चुकून मारली, तर शेजारणीनं डोळे वटारले. तूही लक्षात ठेव.

रागावलास तरी तुझीच,
रोस्ना उनी

जाकार्ता, १८ ऑगस्ट

ती. दातुकसाहेबांच्या सेवेशी, बुस्तानूलचा सा. सलाम वि. वि.

आपल्या मातोश्रींचं पत्र मिळालं. वाईट वाटलं, आणि ते माझ्याच करणीनं, हेही कळलं. मंगळवारी माझं मंत्रिपद गेलं. सही खरोखर एकच होती.

पाण्याचा प्रश्न पुन्हा पंचांपुढे नेण्याचा आपला विचार असेल, तर एक विनंती आहे. बोलणी करण्याचा मला थोडा सराव आहे. आपल्यामागे, दाराजवळ बसेन, पानाचं तबक धरेन. आपण परवानगी दिलीत तरच तोंड उघडीन. आपण लहान असताना माझ्या खांद्यावरून झऱ्यावर जात होतात, ते या पत्रात लिहिणं शोभणार नाही, म्हणून लिहीत नाही.

शुक्रवारी पोहोचतो. माझ्यावर कृपादृष्टी असू द्यावी.

आपला आज्ञाधारक,
बुस्तानूल

ता. क. मातोश्रींना सांगावं, पेटी आता रिकामी झाली असेल, तर माझ्या दोन सदऱ्यांपुरती जागा ठेवावी.